मशीन भरल्याशिवाय लावू नका

ठाणे, ३ डिसेंबर २०२४

चि. निशा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तक्रार लिहून घे.

दक्षताने बसवून दिलेल्या भांडी घासायच्या मशीनने काल माझी शोभा केली. लावून थोडा वेळ झाला नाही तोच दाराच्या खालून फेस यायला लागला. नुसता फेस! स्वयंपाकघर भरलं आणि मग तो बाहेरच्या खोलीकडे निघाला. मी लुंगी वर खोचून फडक्याने पुसतोय आणि ते आत गुरगुरतंय. शेवटी स्वतःहून बंद पडलं आणि लाल दिवा लावून बसलं. मी काहीही केलेलं नाही. सांगितलं होतं तसंच लावलं होतं.

तू डोंबिवलीत बसून दिवसभर फोनवर लोकांच्या याच मशीनच्या तक्रारी सोडवतेस, म्हणून तुला लिहितोय. फोन केला असता, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. मी ओरडत राहतो आणि समोरचा काय बोलला ते काही कळत नाही. मोबाईलवर एक अक्षर दाबलं की शेजारची दोन उमटतात. बोटीवर कुक होतो तेव्हा तुझ्या जनामावशीबरोबरचा निम्मा संसार मी पत्रांवर केला, तेव्हा हेच बरं. तुझे सुदेशराव रोज ठाण्याला औषधाच्या दुकानात कामाला येतात, ते जाता जाता कोळीवाड्यात डोकावतील तर पत्र त्यांच्या हाती देत जाईन.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. जना फेब्रुवारीत गेली, आणि गणपतीत दक्षता पुण्याहून न सांगता आली. त्या आठवड्यात मला ताप होता. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, वर माश्या. तिने तिथेच रडायला सुरुवात केली. बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाही, पुण्याला चला. मी म्हटलं, आईचं वर्ष होईपर्यंत मी घर सोडणार नाही. मग तिने हे मशीन आणलं आणि सांगून गेली की फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला येईन, तेव्हा घर जागेवर असलं तर राहा, नाहीतर कुलूप लावायचं. तिचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. लेक आणि जावई दोघंही चांगले आहेत, पण दिवसभर दोघं कामावर. खिडकीतून खाली बघितलं तर गाड्या दिसतात.

मला इथून जायचं नाही, निशा. म्हणून हे मशीन चालायला हवं.

दामाजी काका


मानपाडा, डोंबिवली, ५ डिसेंबर

काका, नमस्कार.

तक्रार नोंदवली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य असतं, "मी काहीही केलेलं नाही." तुमचं पत्र वाचताना ऑफिसातच बसल्यासारखं वाटलं.

आता खरं सांगा. भांडी आत ठेवायच्या आधी तुम्ही ती वडीच्या साबणाने घासता ना?

मशीनच्या पावडरीला फेस येत नाही, ती मुद्दाम तशी केलेली असते. वडीचा साबण भांड्याला जरा जरी राहिला तरी आतले गरम पाण्याचे फवारे त्याला घुसळून काढतात. फेस बाहेर येऊन तळाशी उतरला की मशीनला वाटतं पाणी गळतंय, म्हणून ते थांबतं. बिघडलेलं नाही. आधी प्लग काढा. दार उघडून फेस बसू द्या, उरलेल्यावर चमचाभर व्हिनेगर शिंपडा. तळ सुकायला एक दिवस द्या, मग भांडी न ठेवता नुसत्या पाण्याचा छोटा प्रोग्राम लावा. तरीही लाल दिवा गेला नाही तर माणूस पाठवते.

यापुढे काटे, भात, कोकमं ताटातून काढून टाका, हवं तर ताट नळाखाली धरा, पण साबण अजिबात नाही. आणि मशीन भरल्याशिवाय लावू नका. एका ताटाला आणि घरभर ताटांना त्याला जवळजवळ तेवढंच पाणी लागतं.

एक विचारू? हाताने घासायचीच, तर मग परत मशीनमध्ये का ठेवता?

निशा


ठाणे, ११ डिसेंबर

चि. निशा,

पकडलंस. लाल दिवा गेला. व्हिनेगर नव्हतं, तुळसाने दिलं. शेजारच्या तुळसाकडे सगळं असतं, आणि कशाला हवंय हे विचारल्याशिवाय ती देत नाही, त्यामुळे आता अख्ख्या कोळीवाड्याला फेसाची गोष्ट माहीत आहे.

का घासतो ते सांगतो. जेवणं झाली की जना घासायची आणि मी पुसून मांडायचो. बोटीवरून आलो की महिनोन्‌महिने राहिलेलं सगळं आम्ही त्या सिंकपाशी उभं राहून बोलायचो. आता बोलायला कोणी नाही, पण जेवलो की पाय आपोआप तिथेच जातात. दुसरं म्हणजे तिचा नियम. रात्री घरात खरकटं ठेवायचं नाही. ताप आला तो आठवडा सोडला तर मी तो मोडलेला नाही. आणि मशीनमध्ये ठेवतो ते दक्षतासाठी. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ लावते. मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून नुसतं बोटाने मशीनकडे दाखवते. मग मी दार उघडून दाखवतो.

साबण सोडला. पण तू म्हणतेस भरल्याशिवाय लावू नका आणि जना म्हणायची रात्री खरकटं ठेवू नका. मी दोघींपैकी कोणाचं ऐकू? सध्या ताट नळाखाली धरतो, आत ठेवतो आणि दार घट्ट लावतो, म्हणजे ते कोणाला दिसत नाही.

आता नवीन तक्रार. ग्लास बाहेर आले की त्यांच्यावर पांढरा थर असतो. मशीनला मीठ लागतं असं पुस्तकात होतं, ते मी घातलेलं आहे. चांगलं पोटभर घातलंय. कोळीवाड्यातल्या भाऊच्या घरची पूर्वी खाडीवर मिठागरं होती, अजून त्याच्याकडे ओळखीतून पोतं येतं. त्याने खडे मीठ दिलं, अगदी टपोरं. मिठासाठी कोळ्याने दुकानात जायचं म्हणजे काय!

काका


मानपाडा, १४ डिसेंबर

काका,

हसून हसून पुरेवाट झाली. पापलेटला लावायचं मीठ तुम्ही मशीनला लावलंत.

एक करा. ग्लासवरून बोट फिरवा आणि चाटून बघा. खारट लागलं नाही तर तो पाण्यातला क्षार. खारट लागलं तर मिठाच्या झाकणातून मीठ बाहेर येतंय. माझी खात्री आहे की खारटच लागेल. टपोरे खडे झाकणाच्या आट्यांत अडकले की ते घट्ट बसत नाही. शिवाय खडे मिठात माती असते, इतर क्षार असतात. पाणी मऊ करणारा भाग त्यांनी खराब होतो. निघेल तेवढं मीठ चमच्याने काढा, आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, त्या कप्प्यात दोन-तीनदा पाणी भरून काढा आणि एकदा रिकामं मशीन फिरवा. सुदेशबरोबर मशीनचं मीठ पाठवतेय. त्याची चव बघू नका.

अ‍ॅल्युमिनियमचा तोप आत ठेवत असाल तर तोही बंद. काळा पडतो.

मावशीचं वाचून मात्र हसू थांबलं. लहानपणी तुमच्याकडे राहायला आले की मला त्या कट्ट्यावर बसवायचात. ती एकेक भांडं तुमच्या हातात द्यायची आणि तुम्ही जहाजावरच्या गोष्टी सांगायचात. त्या खऱ्या होत्या का हो?

निशा


ठाणे, ६ जानेवारी २०२५

चि. निशा,

खारट होतं. चाळीस खलाशांचा स्वयंपाक केलेल्या माणसाला हे स्वतःला सुचू नये याचं वाईट वाटलं. आता ग्लास स्वच्छ निघतात. तोप तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच काळा झाला होता. आणि बोटीवरच्या गोष्टी निम्म्या खऱ्या होत्या.

पत्राला उशीर झाला कारण सगळं नीट चाललं होतं. पण आता मशीनच्या तळाशी पाणी साचून राहतंय आणि वास येतो. कान गेले तरी नाक शाबूत आहे. वास मासळीचा आहे. खाडीतली बोय मिळाली होती, तेव्हापासून. एकट्याची भांडी साठायला चार-पाच दिवस लागतात, तेवढे दिवस दार बंद ठेवतो. उघडलं की मी स्वतःच मागे सरतो. परवा दक्षताला दाखवायला दार उघडलं तेव्हा माझं तोंड वाकडं झालेलं तिने बघितलं बहुतेक, कारण तिने दोनदा काहीतरी विचारलं. मी हसून हात हलवला.

वर्षश्राद्ध वीस फेब्रुवारीला आहे. लवकर कळव.

काका


मानपाडा, ९ जानेवारी

काका,

खालचा ट्रे बाहेर काढा. तळाशी मधोमध गोल जाळी आहे, ती डावीकडे फिरवली की हातात येते. तिच्यात बोयीचे खवले सापडतील. नळाखाली धरून ब्रशने साफ करा आणि परत बसवताना उजवीकडे घट्ट फिरवा. मागची पाण्याची नळी कुठे मुडपली नाही ना तेही बघा. दर आठवड्याला जाळी काढत जा, मासे खाणाऱ्यांनी दोनदा. पाणी जाईल, वासही जाईल.

आता जरा वेगळं लिहिते. दक्षताचा काल फोन आला होता. बाबांचं कसं चाललंय, खरं सांग, म्हणाली. मी म्हटलं, मशीन नीट चाललंय. त्यात खोटं काही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मलाच बरं वाटेना. एक मशीन भरायला तुम्हाला पाच दिवस लागतात. पाच दिवस तुम्ही एकटेच जेवता, काका. फेस, मीठ, जाळी हे सगळं मी दुरुस्त करू शकते. पण दक्षताला ज्याची भीती वाटते ते हे नाहीच. तेव्हा पुण्याचा एकदा विचार करून बघायला काय हरकत आहे? निदान थोडे महिने?

राग मानू नका.

निशा


ठाणे, १२ जानेवारी

निशा,

जाळी काढली. खवले निघाले. पाणी गेलं. वास गेला.

मी मशीनविषयी विचारलं होतं.

सुदेशरावांबरोबर सुक्या कोलंबीचे सोडे देतोय. ते आधीच तुझ्यासाठी बांधून ठेवले होते, म्हणून देतोय.

दामाजी काका


मानपाडा, १७ जानेवारी

काका,

सोडे मिळाले. कांद्यावर परतले, सुदेशने ताट चाटूनपुसून साफ केलं. ते आमच्या सिंकमध्ये गेलं, कारण माझ्याकडे मशीन नाही. दिवसभर दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करून घरी आले की मी वडीच्या साबणाने भांडी घासते.

माझं चुकलं. ऑफिसात आम्हाला शिकवतात की ग्राहक सांगतो ती तक्रार वेगळी आणि खरी तक्रार वेगळी. ते मी तुमच्यावर वापरायला गेले. तुम्हाला कुठे राहायचंय हे तुम्ही पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. दक्षताला मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण तुम्ही एकटे जेवता याचं मला वाईट वाटतं. ते मात्र मी मागे घेत नाही.

निशा


ठाणे, ३ फेब्रुवारी

चि. निशा,

राग गेला. तो फार दिवस टिकत नाही, टिकवायलाही दोन माणसं लागतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग एका दुपारी बाजारात चांगली कोलंबी दिसली. एकट्यापुरतं कालवण मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. बोटीवर हात मोठा झाला, आणि घरी आल्यावर जना वाटून टाकायची. त्या दिवशीही तोपभर झालं. आणि तोप बघताना मला तुझं वाक्य आठवलं, भरल्याशिवाय लावू नका. मी म्हटलं, वेड्या, दोघींचंही ऐकायचा एकच मार्ग आहे. मशीन त्याच रात्री भरलं पाहिजे.

तुळसाला हाक मारली. तिच्या मुलाने वरच्या मजल्यावर वेगळं घर केल्यापासून तीही एकटीच जेवते. भाऊला बोलावलं. दौलतला बोलावलं. तो पूर्वी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आता टीव्हीसमोर पाव खातो. माझ्याकडे ताटं पुरेशी नव्हती, म्हणून पूर्वी लग्नाला मागवायचो तसं सांगितलं, आपापलं ताट-वाटी घेऊन या. तुला माहीत आहे, आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं, नाहीतर एवढ्या जेवणावळींतून कोणाचं कुठे गेलं ते कसं कळणार.

जेवणं झाली. मी ताटं मशीनमध्ये लावायला लागलो तर तुळसा ताट सोडेना. "अरं दामा, माजं नाव धुवून गेलं तं मी कोनाचं ताट घरी नेऊ?" मी तिला सांगितलं की कोरलेलं नाव धुतलं जात नाही. तिला पटलं नाही. ताटावर लक्ष ठेवायला ती मशीनसमोर खुर्ची घेऊन बसली. ती बसली म्हणून भाऊ बसला. आणि या मशीनला किती वेळ लागतो ते तुला माहीतच आहे. ताट घेतल्याशिवाय घरी कसं जाणार, म्हणून सगळे बसले. दौलत म्हणाला, एवढ्या वेळात त्याने होडीचं इंजिन उतरवून परत चढवलं असतं. मला अर्धं ऐकू येत नाही, पण तुळसा माझ्या कानाशी येऊन ओरडते. किती दिवसांनी कोणीतरी माझ्यावर ओरडलं!

आता हे रोजचंच झालंय. कधी तुळसा भाकऱ्या आणते, कधी दौलत सुके बोंबील. भाऊ काही आणत नाही, तो मीठ आणतो. ते मी कालवणात घालतो, मशीनमध्ये नाही. परवा तो ताटच आणायला विसरला. कपाटात जनाचं ताट होतं. वर्षभर काढलं नव्हतं. मी थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो, मग त्यालाच वाढलं. पहिला घास तो खाईपर्यंत मी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. मग त्याने रस्सा मागितला, तो वाढून मीही जेवायला लागलो. आता तो रोजच विसरतो.

तक्रार आहेच. काल दौलतच्या ताटाला भात तसाच चिकटलेला होता. त्याला मनातून फार आनंद झाला.

काका


मानपाडा, ६ फेब्रुवारी

काका,

हे पत्र मी सुदेशला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मावशीच्या ताटापाशी आल्यावर पुढचं त्यालाच वाचायला लावलं.

दौलतकाकांना सांगा, दोष मशीनचा नाही. खालच्या ट्रेमध्ये झारा उभा ठेवला असणार. तो वर टेकला की फिरणारा पंखा अडतो आणि पाणी कडेपर्यंत जात नाही. मशीन लावायच्या आधी दोन्ही पंखे बोटाने फिरवून बघा. ताटांची तोंडं मधल्या बाजूला करा. ताटं एकमेकांना चिकटवू नका.

दक्षताला सांगितलंत का? मी सांगू?

निशा


ठाणे, ९ फेब्रुवारी

चि. निशा,

झाराच होता. दौलतचा चेहरा उतरला.

दक्षताला काही सांगू नकोस. मी सांगितलं तर तिला वाटेल पुण्याला येऊ नये म्हणून म्हातारा माणसं गोळा करून बसलाय. ती येईल तेव्हा बघेल आणि मग काय ते ठरवेल. मला भीती वाटते, पण सांगू नकोस.

काका


ठाणे, २३ फेब्रुवारी

चि. निशा,

वर्षश्राद्ध व्यवस्थित झालं. तुम्ही दोघं आलात, पण गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळचं लिहितो.

दक्षता दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. ती आदल्या दिवशीच आली, पुन्हा न सांगता. आमची जेवणं झाली होती, मशीन चालू होतं, आणि आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत ताटांची वाट बघत बसलो होतो. दारात चपलांचा ढीग. एकट्या म्हाताऱ्याच्या दारात एवढ्या चपला दिसल्या तर माणसाच्या मनात काय येतं, तूच सांग. ती बॅग रस्त्यातच टाकून धावत आत आली. मी खुर्चीत जिवंत बसलेला दिसलो तर माझ्यावर चिडली आणि मग गळ्यात पडली. तुळसाने तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "काय झालेलं नाय गो, आमी ताटांसाठी बसलंव."

तिला काही कळेना. तेवढ्यात मशीन थांबलं. मला ते ऐकू येत नाही, पण सगळे उठले म्हणून मला कळलं. दक्षता सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिनेच दार उघडलं. वाफ आली. ती एकेक ताट काढायची, उजेडात धरून नाव वाचायची आणि ज्याचं त्याला द्यायची. मला आवाज आला नाही, पण तिचे ओठ दिसत होते. तुळसा. दौलत. मग तिने पुढचं ताट काढलं आणि ओठ हललेच नाहीत.

ते जनाचं होतं.

तिने मोठ्याने विचारलं, यात कोण जेवलं? भाऊने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. म्हणाला, माझं घरी राहिलं. दक्षता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिने ते ताट माझ्या हातात दिलं. मी सवयीने पंचा घेतला आणि पुसायला लागलो. पुढचं दिलं, तेही पुसलं. ताटं कोरडीच होती, निशा. पण ती देत राहिली आणि मी पुसत राहिलो, सिंकपाशी उभा राहून, आणि ती काहीतरी बोलत होती. सगळं ऐकू आलं नाही. मी हो हो म्हणत होतो.

काल ती परत गेली. पुण्याचा विषय मी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. निघायच्या आधी मात्र स्टुलावर चढून तिने माळ्यावरचा डबा उतरवला. त्यात तिचं लहानपणचं ताट होतं, जनाने नाव कोरून घेतलेलं. ते पुसून तिने मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये लावलं. मोठ्याने, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, हे इथेच राहू दे. मी महिन्याला येईन. आणि पुढच्या वेळी मी आल्याशिवाय मशीन लावायचं नाही."

माझी आता तक्रार एवढीच आहे की खालच्या ट्रेमध्ये अजून एका ताटाची जागा रिकामी आहे.

काका


मानपाडा, २५ फेब्रुवारी

काका,

तक्रार नोंदवली.

सुदेशबरोबर माझं ताट पाठवतेय. लग्नात मावशीने दिलेलं आहे, मागच्या बाजूला तिने माझं नाव घालून घेतलंय. शनिवारी मला सुट्टी असते, संध्याकाळी दोघं येतो. ताट तिथेच राहू दे.

आधी साबणाने घासू नका.

निशा